कातळ, चिखल आणि पायातले बूट

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या भटक्या मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: यंदा वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? विचारणाऱ्याने दुकानात एखादा जोड बहुधा हेरून ठेवलेला असतो, किंमत आठ-दहा हजारांच्या घरात असते, आणि त्याला आपल्याकडून फक्त होकार हवा असतो. मी तो देत नाही. सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीसाठी वॉटरप्रूफ बुटांवर खर्च केलेले पैसे वाया तर जातातच, पण ते बूट पायांनाही मानवत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. हे मत काटकसरीच्या हौसेतून आलेले नाही. हे बूट मुळात कोणत्या जमिनीसाठी आणि कोणत्या हवेसाठी घडले, ते पाहिले की आपल्या डोंगरांशी त्यांचे का जमत नाही हे आपोआप उलगडत जाते.

रानात घालायच्या बुटांचा बारकाईने विचार करणाऱ्यांत थंड देशांतले शिकारी पुढे होते. अमेरिकेच्या मेन राज्यातला लिऑन लिऑनवुड बीन हा असाच एक शिकारीचा शौकीन. दलदलीच्या रानात हिंडताना कातडी बूट भिजून जड होतात आणि नुसते रबरी बूट पायाला अवघडतात, म्हणून त्याने खाली रबर आणि वर हलके कातडे असा जोड करवून घेतला आणि १९१२ साली तो टपालाने विकायला काढला. पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण रबर आणि कातडे जिथे एकमेकांना शिवलेले होते तिथेच ते उसवत होते. बीनने सगळ्यांचे पैसे परत केले, उसने पैसे घेऊन बुटाची रचना सुधारली, आणि पुढे त्याच बुटावर त्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. या रचनेमागचा विचार सरळ होता. तिथले पाणी खालून येते, ते बर्फाचे किंवा दलदलीचे असते, ते गार असते, आणि गार पाण्यात भिजलेला पाय हा थंडीच्या दिवसांत खराखुरा धोका असतो. तेव्हा पाणी आत येऊ द्यायचे नाही, हा तिथला पहिला नियम ठरला आणि तो अगदी योग्यच होता.

त्या नियमालाही तिथले शिकारी डोळे झाकून चिकटून राहत नाहीत, हे मला विशेष वाटते. नोव्हेंबरच्या गोठत्या हवेत झाडावरच्या मचाणावर तासन् तास हरणाची वाट पाहणारा माणूस आठशे ग्रॅमच्या अस्तराचे जाड बूट घेतो; हा आकडा अस्तराच्या दर चौरस मीटरच्या वजनाचा असतो, बुटाच्या वजनाचा नव्हे. त्याच राज्यात गवताळ माळावर दिवसभर पक्ष्यांच्या मागे चालणारा शिकारी मात्र अस्तर नसलेले हलके बूट घालतो, कारण चालणाऱ्याचा पाय आपली ऊब आपणच तयार करतो आणि जाड अस्तरात तो घामाने भिजतो. बसणार किती, चालणार किती आणि पायाखाली काय असणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तो दुकानात शिरत नाही. आपण मात्र तोच बूट त्याच्या जाहिरातीतल्या बर्फासकट उचलतो आणि जुलैत लोणावळ्याच्या डोंगरात घेऊन जातो.

आपले पाणी मुळात वेगळे आहे. महाबळेश्वर किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. हे पाणी वरून येते, विजारीवरून ओघळून मोज्यात उतरते, आणि वाटेतला प्रत्येक ओढा गुडघाभर असतो. घोट्यापर्यंतच्या बुटाला वरून तोंड असते, ही साधी गोष्ट वॉटरप्रूफच्या चर्चेत कशी कोण जाणे विसरली जाते. पहिल्याच ओढ्यात पाणी आत जाते आणि बूट वॉटरप्रूफ असल्यामुळे ते बाहेर पडत नाही. उरलेला दिवस माणूस दोन भरलेले तांबे पायात अडकवून चालतो. पायातल्या एका किलोला पाठीवरच्या पाच-एक किलोंइतके श्रम पडतात, असे सैनिकांच्या चालण्याच्या अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा हे पाणी नुसते गैरसोयीचे नसते, ते संध्याकाळी मांड्यांमध्ये जाणवते.

‘श्वास घेणाऱ्या’ पडद्याचे आश्वासनही आपल्या हवेत अर्धेच खरे ठरते. गोरटेक्स या नावाने ओळखला जाणारा पडदा बॉब गोर यांना १९६९ साली सापडलेल्या, ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थापासून बनू लागला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान आणि वाफेच्या कणापेक्षा खूप मोठी असतात, म्हणून पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. पण ती वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत उबदार व दमट आणि बाहेर थंड व कोरडे असा फरक असेल तरच ती ढकलली जाते. जुलैतल्या कोकणात बाहेरची हवाच उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. आत-बाहेरचा फरक जवळजवळ उरत नाही, त्यात बुटाचे वरचे कापड भिजून चिंब झालेले असते, आणि पडदा शाबूत असूनही पाय आपल्याच घामात भिजत राहतो. दिवसभर असे राहिले की तळव्याची कातडी पांढरी पडते, सुरकुतते आणि घासली गेली की सोलून निघते. भातखाचरात आवणीला उभे राहणाऱ्यांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात त्या ओल्या पायामुळेच, आणि महागडा बूट घालून आपण तीच ओल पायाभोवती बांधून घेतो.

उष्ण आणि पावसाळी जंगलात काय करावे, याचे उत्तर सैन्यांनी फार आधी शोधून ठेवले आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना दिलेल्या जंगल बुटाचा वरचा भाग जाड कापडाचा होता आणि तळपायाच्या आतल्या बाजूला, कमानीपाशी, जाळी बसवलेली दोन छोटी छिद्रे होती. पाणी येणारच हे गृहीत धरून ते चालता चालता बाहेर जावे, अशी ती सोय होती. आपल्याकडे ट्रेकर लोक ज्यांना ‘हंटर शूज’ म्हणतात ते हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर येणारे, रबरी तळाचे बूट याच जातकुळीतले आहेत. लष्करी सामान विकणाऱ्या दुकानांत ते काही शे रुपयांत मिळतात, भिजतात पटकन पण निथळतातही पटकन, आणि आधीच्या पिढीने अर्धा सह्याद्री त्यांच्याच जोरावर पालथा घातला. त्यांच्यात दोष नाहीत असे मुळीच नाही. आतला तळवा पुठ्ठ्यासारखा असतो, टाचेखाली गादी नसते आणि दगडी पायऱ्या उतरताना गुडघे त्याची आठवण करून देतात. त्यात वेगळी चांगली गादी टाकली की यांतली बरीचशी तक्रार मिटते. आज जाळीदार कापडाचे, हलके, अस्तराविना असलेले डोंगरी धावण्याचे बूट मिळतात. तेही निथळण्याच्या बाबतीत उत्तम. ओढ्यातून बाहेर आल्यावर वीस-पंचवीस पावलांत बुटातून ‘पचपच’ आवाज येणे थांबले पाहिजे, ही माझी कसोटी आहे.

आता तळाकडे वळायला हवे, कारण सह्याद्रीत माणूस पडतो तो पाणी आत आल्यामुळे नव्हे, तर तळ सुटल्यामुळे. रबरी तळावर खोल खाचा पाडण्याची कल्पना एका दुर्घटनेतून आली. १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर वादळात अडकून सहा गिर्यारोहक दगावले. त्या काळी गिर्यारोहक खडकावर चढण्यासाठी हलके पातळ तळाचे जोडे वापरत, जे बर्फात आणि थंडीत कुचकामी होते. त्या चढाईशी संबंधित असलेल्या मिलानच्या व्हिताले ब्रामानी यांनी खडक आणि बर्फ या दोन्हींवर चालेल असा खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली तो बाजारात आला. त्यांच्या नावातली अक्षरे जुळवून झालेला ‘व्हिब्रम’ हा शब्द आज बुटांच्या तळावर पिवळ्या पट्टीत दिसतो. पण ती पट्टी दिसली म्हणजे तळ आपल्या कातळावर धरणारच, असा समज करून घेऊ नये. एकाच कंपनीच्या रबराचे अनेक प्रकार असतात. झिजू नये म्हणून कडक केलेले रबर ओल्या खडकावर काचेवरून घसरावे तसे घसरते.

सह्याद्रीचा खडक हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतून बनलेला बेसॉल्ट आहे. त्याचे कण अतिशय बारीक असतात. ज्या थरात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आहेत तो खडबडीत खडक ओला असतानाही पाय धरतो. पण घट्ट, काळा थर शेकडो वर्षांच्या वर्दळीने घासला गेला की गडांच्या पायऱ्यांवर त्याला अक्षरशः झिलई चढते. रबर खडकावर टिकते ते त्याच्या बारीक खाचखळग्यांत दबून शिरल्यामुळे. म्हणून मऊ रबर हवे, आणि म्हणूनच गुळगुळीत कातळावर खोल खाचांचा काही उपयोग नसतो. उलट खाचा मोठ्या असल्या की प्रत्यक्ष खडकाला टेकणारे रबर कमी होते. दुकानात मी अंगठ्याचे नख तळाच्या कडेत दाबून पाहतो. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर कामाचे. नखच दुखले तर तो बूट कितीही देखणा असला तरी खाली ठेवतो. दुकानदाराची हरकत नसेल तर ओल्या फरशीवर तळ घासून पाहणे त्याहून चांगले. असे मऊ रबर लवकर झिजते, आणि दोन-तीन मोसमांनी नवा जोड घ्यावा लागणे ही त्याची किंमत आहे.

शेवाळ्यापुढे मात्र कोणतेच रबर चालत नाही, आणि हे बूट विकणारा कधी सांगत नाही. ऑगस्टमध्ये सावलीतल्या कातळावर हिरवट-काळा बुळबुळीत थर असतो. त्यावर पाय ठेवला की रबराचा खडकाशी संबंधच येत नाही. तिथे पाऊल कुठे टाकायचे हेच काय ते आपल्या हातात असते: गवताच्या बुंध्याशी, खडकाच्या तुटलेल्या धारेवर, पाणी जोराने वाहत असल्यामुळे जिथे शेवाळे धरलेले नाही अशा जागी. गावातले वाटाडे पावसात साध्या प्लास्टिकच्या किंवा रबरी पादत्राणांत चालतात आणि अवघड कातळ आला की ती काढून हातात घेतात. बोटे पसरून खडकाची जाणीव घेणाऱ्या त्या पावलांची बरोबरी आयुष्यभर बूट घातलेल्या पायांनी करू नये. पण बुटाचा तळ जितका जाड तितके पायाखालचे कमी कळते, एवढे त्यातून जरूर घ्यावे. हरिहरच्या खड्या पायऱ्यांसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट लक्षात येते. हल्लीच्या धावण्याच्या बुटांचा चवडा पुढून वर वळलेला असतो. अरुंद खोबणीत तो नीट बसत नाही आणि भार पडला की बाहेर सरकतो. तिथे पुढून सपाट आणि थोडासा ताठ तळच विश्वासाचा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर टाच वेगळी, काटकोनात उठलेली असेल तर ती गजाला अडकते, आणि पावसात तेवढाच आधार असतो.

चिखलाचे गणित याच्या अगदी उलटे आहे. मावळातल्या भातखाचरांच्या बांधांवर, किंवा त्याहूनही विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत, खाचा खोल हव्यात आणि एकमेकींपासून लांब हव्यात. दाट खाचांमध्ये काळी माती एकदा भरली की ती निघत नाही. चार पावलांत तळ सपाट होतो आणि दहाव्या पावलाला प्रत्येक बुटाखाली भाकरीएवढा गोळा लोंबत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या ‘पनामा’ तळात तिरक्या, विरळ खाचा होत्या आणि पाऊल वाकले की त्या चिखल बाहेर ढकलत. असा तळ कातळावर तितकासा चांगला नसतो. दोन्ही साधायचे तर तडजोड करावी लागते, आणि सह्याद्रीत मी ती नेहमी कातळाच्या बाजूने करतो, कारण चिखलात माणूस बसतो आणि कातळावरून जातो. सपाट शेतशिवारात आणि खाचरात दिवस घालवायचा असेल तर शेतकरी वापरतात ते गुडघ्यापर्यंतचे गमबूटच सर्वांत शहाणपणाचे. डोंगरात मात्र ते घोट्याला धरत नाहीत आणि उतारावर पाय आत पुढे सरकत राहतो.

कोकणातल्या सड्यांचा जांभा हा आणखी वेगळा मामला. तो सच्छिद्र आणि खरखरीत असल्यामुळे कोरडा असताना पाय उत्तम धरतो, पण मऊ रबर कानशीसारखे खाऊन टाकतो, आणि पावसात काळ्या शेवाळ्याने माखला की त्याच्यावरचा विश्वास पूर्ण काढून घ्यावा लागतो. या सड्यांवर, दगडांच्या आडोशाला, फुरसे असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भटकणाऱ्याने घोट्याच्या वर येणारा बूट घालावा तो याच कारणासाठी. साप माणसाला चावतो तो बहुतांशी घोट्याच्या आसपासच. फुरसे आकाराने लहान असते, आणि जाड कॅनव्हास व कातडे हे संपूर्ण संरक्षण नसले तरी उघड्या चपलेपेक्षा पुष्कळ बरे. रात्री बाहेर काढून ठेवलेले बूट सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पायात घालू नयेत, ही जुनी शिकवणही कोकणात पाळावीच. तिथला लाल विंचू साधासुधा नाही, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्याच्या दंशावरचा उपचार रूढ केला, त्याआधी त्या दंशाने माणसे दगावत असत.

पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून शत्रू बदलतो. कमरेएवढे वाळू लागलेले गवत, त्याची कुसळे, करवंदाच्या जाळ्या आणि उतारावरचा मुरमाड घसारा. जाळीदार बुटाचे पावसातले सगळे गुण इथे उलटतात, कारण कुसळ जाळीतून आत शिरते, मोज्यात रुतते आणि दर पावलागणिक टोचते. या दिवसांत घट्ट विणीचे कापड आणि पोटरीपर्यंतचे गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून चढवायची कापडी आवरणे, हवेत. जुन्या विजारीचा पाय कापून, खाली इलॅस्टिक शिवून घरी केलेलेही चालतात. घसाऱ्यावर बारीक खडी बुटात जाऊ नये यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

मेळघाट-ताडोबासारख्या पानगळीच्या रानात शिकाऱ्याची जुनी अट पुन्हा लागू होते: आवाज नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची हौसेची शिकार संपली, पण प्राण्यांच्या खुणा शोधत पायी हिंडणारे वनरक्षक, अभ्यासक आणि स्वयंसेवक आहेतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाचा पाचोळा वाळलेला असतो आणि ताठ, जाड तळाच्या बुटाखाली एकेक पान पापडासारखे मोडते. पातळ, लवचीक तळाच्या बुटात टाच अलगद टेकवता येते, काटकी पायाखाली आली तर भार टाकण्याआधी ती कळते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहायला जाणाऱ्यांना तर मी साधे, जुने, सवयीचे कॅनव्हासचे बूट सुचवतो. मे महिन्याच्या त्या उकाड्यात जाड बूट चढवून कोणी आले की वनखात्याची माणसे गालातल्या गालात हसतात, आणि नवे चामडे मचाणावर कूस बदलताना करकरते ते वेगळेच.

मापाबद्दल थोडे सांगायला हवे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आणि डोंगरात घालणार तेच मोजे घालून पाहावेत. दुकानातल्या सपाट फरशीवर चालून काहीच कळत नाही. जिना असेल तर तो उतरावा, नसेल तर बुटाचा पुढचा भाग भिंतीवर हलकेच आपटावा. अंगठा टोकाला लागला तर तोच अंगठा राजगडावरून उतरताना तीन-चार हजार वेळा लागणार आहे, आणि नख काळे पडणार हे ठरलेले. मोजे सुती नकोत, कारण सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि घड्या पडून फोड आणतो. उतार सुरू होण्याआधी नाड्या सोडून पुन्हा घोट्याशी आवळून बांधणे, याला दोन मिनिटे लागतात. तरी दहांतले आठ जण ते करत नाहीत.

वॉटरप्रूफ बुटांवर माझा सरसकट राग नाही. हिवाळ्यात केदारकंठाला किंवा तशा बर्फातल्या वाटांना जाणाऱ्याने ते जरूर घ्यावेत. तिथे हवा कोरडी आणि गोठलेली असते, बर्फ बाहेरच राहतो, आत-बाहेरचा फरक मोठा असल्यामुळे वाफही निघून जाते, आणि भिजलेला पाय म्हणजे हिमदंशाला आमंत्रण असते. फक्त तो जोड परत आल्यावर पेटीत बंद करून वर्षानुवर्षे जपून ठेवू नये. अनेक बुटांच्या तळाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते आणि हवेतल्या बाष्पाने ते आतल्या आत कुजत जाते. न वापरता ठेवलेला बूट वापरलेल्यापेक्षा आधी तुटतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. बाहेरून नवाकोरा दिसणारा जोड तिसऱ्या तासाला तळ टाकून देतो, आणि मग उरलेला डोंगर चिकटपट्टी आणि सुतळी यांच्या भरवशावर उतरावा लागतो.

म्हणून पावसाळ्याआधी मी दोन कामे करतो. बुटाचा तळ दोन्ही हातांनी पुरता वाकवून मधल्या थरात भेगा पडत आहेत का, कडेने बारीक भुगा सुटतो आहे का, ते पाहतो. मग कोपऱ्यावर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांकडून तळाला सगळीकडून नायलॉनच्या जाड दोऱ्याची शिवण मारून घेतो. नव्या बुटालाही. काका दरवेळी बूट उलटसुलट करून पाहतात, अजून काही झालेले नाही असे सांगतात, आणि मग टोच्याला मेण लावून कामाला लागतात. भिजलेले बूट घरी आल्यावर चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवू नयेत, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे घालावेत, आणि पंख्याखाली आडवे ठेवून द्यावेत. आषाढात दोन दिवस लागतात. पुढच्याच रविवारी पुन्हा निघायचे असेल तर तेवढा वेळ पुरतो.